ऱ्होड्सहून पत्र: रांजणाचे कान आणि अधिक महिना

ऱ्होड्स, ग्रीस
८ जून

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. आई, उन्हाची काळजी करू नकोस. खोदकाम सकाळी लवकर सुरू होऊन दुपारी थांबतं, आणि माझं काम तर सावलीतच, पाण्याच्या टबांपाशी असतं. बाबा, भूकंपाचं म्हणाल तर इथला सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा इसवी सनापूर्वी २२६ च्या सुमारास भूकंपात कोसळला हे खरं आहे. पण आताची घरं तो हिशेब धरूनच बांधतात.

खापऱ्या धुवायला इतक्या लांब कशाला, असं मामांनी विचारलं. त्यांना हे वाचून दाखवा. आजच्या शहराखाली जुनं ऱ्होड्स आहे, त्यामुळे घराचा पाया खणला की वाईनच्या रांजणांचे तुटलेले कान निघतात. रांजण साधारण २५ लिटरचा, दोन कानांचा. माती ओली असतानाच दोन्ही कानांवर ठसे मारायचे. एका ठशात त्या वर्षीच्या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याचं नाव, दुसऱ्यात रांजण घडवणाऱ्याचं, आणि सोबत बहुधा महिना. पुजारी दरवर्षी बदले, म्हणून त्याचं नाव म्हणजेच वर्ष. पुजाऱ्यांचा क्रम अभ्यासकांनी बराचसा लावला आहे, त्यामुळे तळहातावर मावणारा तुकडा अख्ख्या थराचा काळ सांगतो. आणि आई, त्यांचे महिनेही चंद्रावर चालत. वर्ष मागे पडलं की ‘पानामोस’ महिना दुसऱ्यांदा घेत, आणि ठशावर ‘दुसरा पानामोस’ असं चक्क लिहिलेलं सापडतं. आपला अधिक महिनाच की!

हे ठसे वाचण्याआधी वाचवावे लागतात. समुद्र जवळ असल्याने मातीत मीठ मुरलेलं असतं. कान उन्हात वाळवला तर मीठ पृष्ठभागाशी येऊन त्याचे खडे होतात आणि अक्षरांसकट पापुद्रा सुटतो, ओल्या भिंतीचा रंग फुगून पडतो तसा. म्हणून तो गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं. पाण्यात किती क्षार उतरले ते मीटरवर बघायचं. आकडा खाली येऊन स्थिर झाला की शेवटचं पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, द्यायचं, कारण नळाच्या पाण्यातही क्षार असतात. मग सावलीत जाळीवर सावकाश वाळवायचं. चुन्याचा थर बसला असेल तर आम्लाचा मोह टाळायचा. इथल्या मातीतच चुना आहे, आम्ल थराबरोबर ठसाही खातं. लाकडी काडीने, ओलं असताना, थोडं थोडं काढलेलं बरं. टबात प्रत्येक खड्ड्याची आणि थराची चिठ्ठी वेगळी हवी. ती एकदा चुकली की कान कितीही सुरेख असो, कुठला ते कळत नाही आणि त्याची निम्मी किंमत जाते.

वाचताना दिवा एका बाजूने, अगदी आडवा धरायचा. समोरून उजेड टाकला तर झिजलेली अक्षरं दिसतच नाहीत. मधे गुलाब असलेल्या गोल ठशात मजकूर कुठून सुरू होतो तेच आधी शोधावं लागतं. नाव तुटलं असेल तर कानाचा बाक बघायचा. जुने कान गोलसर वळतात, पुढच्या काळातले कोपरासारखे टोकदार. मामांना हेही सांगा की कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधला, ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, याच भूमध्य समुद्राकडून पंचगंगेपर्यंत आला. त्या व्यापाराच्या तारखा अशाच खापऱ्यांवर ठरतात.

एक गोष्ट मात्र अजून अंगवळणी पडत नाही. इथे ‘हो’ला ‘ने’ म्हणतात. आपल्या कानांना ते ‘नै’ ऐकू येतं. ‘नाही’ला ‘ओही’, त्यात आपल्याला ‘हो’ ऐकू येतो. त्यात पुन्हा, नुसती हनुवटी वर करून भुवया उंचावल्या तरी ‘नाही’. खुशाली विचारल्यासारखं वाटतं, पण तो नकार असतो. आपली हो म्हणताना डुलणारी मान तर त्यांना कळतच नाही. खड्ड्यात हे महागात पडतं. ‘थर संपला का?’ याला ‘ने’ आलं आणि संपला नाही असं समजून खणत राहिलं, की खालच्या थराच्या खापऱ्या वरच्या पिशवीत जातात. त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून आम्ही मुकादमाशी बोटानेच खूण ठरवली आहे.

आता निखिलच्या लग्नाचं. अधिक महिन्यामुळे मुहूर्त जुलैत गेला आणि आमचं काम जुलैअखेरपर्यंत आहे. टबात भिजत घातलेले कान मधेच दुसऱ्यावर सोपवले तर पाण्याच्या नोंदी तुटतात. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटणार नाही, ते मला कळतं. करवली म्हणून आक्काच्या सोनूला उभं करा. माझी पैठणी कपाटात वरच्या खणात आहे, तिला बसेल. ₹४०,००० खात्यात टाकले आहेत. हॉलच्या अनामतीला ते वापरा आणि बाबा, एफडी मोडू नका. पुण्याच्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. मी नाही म्हणत नाहीये, पण फोनवर ठरवायचं नाही. अक्षता पडतील तेव्हा इथे सकाळ असेल. निखिलला म्हणावं, फोन चालू ठेव.

तुमची,
माई