वर्षाचे रिचार्ज आणि कंपनी बदलण्याचा हक्क

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून सुरू आहे. प्रीपेड ग्राहकाच्या हातात खऱ्या अर्थाने जे थोडे हक्क आहेत, त्यांतला हा मोठा हक्क आहे असे मी मानते. पण ज्याने वर्षभराचे रिचार्ज एकदम केले आहे त्याला हा हक्क वापरायचा तर उरलेल्या महिन्यांच्या पैशांवर पाणी सोडावे लागते. यावर बोलले जावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी नागपुरात डबे देते. मिहानमध्ये नोकरी करणारी, खोली करून राहणारी मुले, परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि मुले परगावी असलेली काही वयस्कर जोडपी माझ्याकडून डबा घेतात. सारा धंदा एका मोबाइल नंबरावर चालतो. तो नंबर डब्यांच्या झाकणांवर ऑइल पेंटने लिहिलेला आहे आणि पिशव्यांवर छापलेला आहे. सकाळी दहाच्या आत फोन येतात. कोणाला डबा नको असतो, कोणाला दोन पोळ्या जास्त हव्या असतात, कोणाच्या खोलीवर पाहुणा आलेला असतो. तो फोन लागला नाही तर अन्न वाया जाते, नाहीतर कोणी तरी उपाशी राहतो.

आम्ही आधी नागपुरातल्या महाल भागात राहत होतो. तिथे माझ्या कंपनीचे नेटवर्क माजघरातसुद्धा उत्तम होते, म्हणून वर्षाचे रिचार्ज करून टाकले. त्यानंतर काही महिन्यांनी बेसा भागात फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि पहिल्याच दिवशी लक्षात आले की स्वयंपाकघरात रेंज नाही. हॉलमध्ये एखादी दांडी दिसते आणि गॅलरीत चार. फोन गॅलरीत ठेवायचा आणि वाजला की धावायचे, असे सुरू झाले. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात गॅलरीत ठेवलेला फोन तापतो आणि आपोआप बंद पडतो. तक्रार नोंदवली. ‘आपल्या भागात नेटवर्क उपलब्ध आहे’ असे उत्तर आले. भागात असेलही, पण भाजी मी भागात करत नाही, स्वयंपाकघरात करते.

माझा एक भाचा टॉवरच्या कामावर जातो. त्याच्याकडून समजले ते इथे सांगते, कारण कंपनी बदलायची की नाही हे ठरवताना मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. प्रत्येक कंपनीचे नेटवर्क वेगवेगळ्या लहरींवर चालते. ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी भिंती ओलांडून बऱ्यापैकी आत येतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात, पण काँक्रीटच्या भिंतींपुढे लवकर दमतात. त्यामुळे रस्त्यावर फाइव्ह-जी जोरात चालणारा फोन घरात शिरताच मुका होऊ शकतो. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या बाजूला इमारतींमागे इमारती उभ्या राहिल्या आहेत. एका इमारतीच्या आड दुसरीचा सिग्नल अडतो. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट’ या बोलण्याला फारसा अर्थ नाही. धरमपेठेत उत्तम चालणारी कंपनी माझ्या ओट्याजवळ बंद पडू शकते.

त्यामुळे मी कंपन्यांच्या दरपत्रकांपासून सुरुवात केली नाही. आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आहेत. त्यांचे फोन थोडा थोडा वेळ माझ्या स्वयंपाकघरात ठेवून घेतले, त्यांवर फोन लावून पाहिले. कोणता लागतो, कोणता मध्येच तुटतो, हे लगेच कळले. आता ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, गुणवत्ता नियमांप्रमाणे कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर नेटवर्कचे नकाशे द्यावे लागतात. ते जरूर पाहावेत, पण त्यात गल्ली दिसते, घर दिसत नाही.

कंपनी बदलण्याआधी आणखी एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. घरी वायफाय असेल आणि फोनमध्ये सोय असेल तर सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करावे. टॉवरची रेंज नसली तरी फोन लागतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंचा प्रश्न एवढ्यावरच सुटला. माझा सुटला नाही, कारण वीज गेली की वायफाय जाते, आणि उन्हाळ्यात वीज नेमकी कधी जाईल याचा नेम नसतो. दुसरे सिम घेणे हाही मार्ग आहे, पण दोन सिम म्हणजे दोन रिचार्ज. महिन्याकाठी भाजी आणि गॅसचे भाव पाहणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

आता पैशांविषयी. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्ही-आय या तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ रुपयांना झाला, एअरटेल आणि व्ही-आयचा १७९ रुपयांचा प्लॅन १९९ रुपयांना. बीएसएनएलने तेव्हा दर वाढवले नाहीत आणि पुढचे काही महिने त्यांच्याकडे ग्राहक वाढले. म्हणजे कंपनी बदलण्याचा हक्क लोक वापरतात आणि त्याचा परिणाम होतो. हा हक्क नसता तर नंबर सुटेल या भीतीने सगळे गप्प बसून वाढीव पैसे भरत राहिले असते. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण २८ दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षात १३ रिचार्ज होतात. म्हणून हिशेबी माणूस वर्षाचे रिचार्ज करतो. ते दिवसामागे स्वस्त पडते. मीही त्याच हिशेबाने केले. आणि इथेच अडकायला होते. पोर्ट करताना, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना, प्रीपेडमधली शिल्लक नव्या कंपनीत जात नाही आणि परतही मिळत नाही, ती बुडते. अर्जावर ग्राहकाने ते मान्य केल्याची सही असते. माझ्या रिचार्जचे जवळजवळ आठ महिने शिल्लक होते. मी कंपनीला फोन करून विचारले, या पैशांचे काय? ‘मॅडम, ते लॅप्स होतील.’ एवढेच उत्तर.

यावर कोणी म्हणेल, वर्षाची सवलत ग्राहकाने वर्षभर राहावे म्हणूनच दिलेली असते. मान्य आहे. मग सवलत काढून घ्या. समजा, वर्षाच्या प्लॅनचे ३६०० रुपये भरले आणि तसाच २८ दिवसांचा प्लॅन ४०० रुपयांना मिळतो. ग्राहकाने चार महिने वापरले. २८ दिवसांच्या हिशेबाने पाच रिचार्ज धरा, म्हणजे २००० रुपये कापा. १६०० रुपये उरतात. ते परत द्या, नाहीतर नव्या कंपनीकडे वळते करा. कंपनीचा एक रुपयाही बुडत नाही. माझ्याकडे मुले महिन्याचे पैसे आगाऊ भरतात. परीक्षा संपून कोणी पंधरा तारखेलाच गावी निघाला तर खाल्लेल्या दिवसांचे, सुटे डब्याच्या भावाने, पैसे कापून बाकीचे मी त्याच्या हातावर ठेवते. न शिजवलेल्या पोळीचे पैसे ठेवून घ्यायला मन धजत नाही. लहानसा घरगुती धंदा हे करू शकतो, तर ज्यांच्या संगणकात प्रत्येक सेकंदाचा हिशेब असतो त्यांना हे अवघड असू नये.

ट्रायने मनावर घेतले तर बदल होतात, हे आपण पाहिले आहे. २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा असा आदेश झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला सांगितले गेले आणि विशेष रिचार्जची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. मुदत वर्षाची करायला परवानगी दिली, तर त्याच वेळी मध्येच सोडून जाणाऱ्याच्या पैशांचेही काही ठरवायला हवे होते. जितकी मुदत मोठी, तितके ग्राहकाचे पाय बांधलेले.

माझी आई नरखेड तालुक्यात असते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. तिचीही कंपनी बदलून टाकावी असे माझ्या मनात होते, कारण ती कधीही न वापरणाऱ्या डेटाचे पैसे भरत होती. ती म्हणाली, ‘फोन लागते नं, मंग कायले बदलवतं वं?’ तिचे बरोबर होते. त्याच कंपनीचा फक्त बोलण्याचा प्लॅन घेतला आणि काम झाले. शिवाय जिओचे जाळे फोर-जी, फाइव्ह-जीचेच आहे, जुना टू-जी फोन तिथे चालत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा नंबर परस्पर पोर्ट करणाऱ्या मुला-मुलींनी आधी फोन कोणता आहे ते पाहावे. नाहीतर स्वस्त रिचार्जपायी नवा फोन घ्यावा लागतो, आणि त्या माणसाला तो हाताळता येत नाही ते वेगळेच.

मी मात्र शेवटी पोर्ट केले. ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. चालू कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेड असेल तर थकबाकी नको. ‘PORT’ हा शब्द आणि पुढे आपला नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. हा कोड नव्या कंपनीच्या दुकानदाराखेरीज कोणालाही सांगू नये. फोनवर मागणाऱ्याला तर मुळीच नाही, तो गेला म्हणजे नंबर गेला. हरवलेले सिम बदलून घेतले असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. चोरांना आळा बसावा म्हणून १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे. नागपूर, पुणे, नाशिक मोबाइल सेवेच्या एकाच महाराष्ट्र-गोवा परिमंडळात (सर्कलमध्ये) येतात, त्यामुळे तीन कामाच्या दिवसांत काम होते. मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे, तिथला नंबर आपल्या परिमंडळात आणायचा तर कामाचे पाच दिवस लागतात.

अर्ज गेल्यावर जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. अमुक सवलत देतो, तमुक देतो, जाऊ नका. मला या फोनचा रागच आला. ही सवलत द्यायची होती तर जो ग्राहक कुरकुर न करता इतकी वर्षे थांबला त्याला का नाही दिली? मन बदलले तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत रद्द करता येतो, पण फोनवरच्या गोड बोलण्याने बदलू नये. स्वयंपाकघरातली रेंज काही त्या बोलण्याने वाढत नाही.

रात्री काही वेळ जुने सिम बंद पडते, मग नवे सुरू होते. एवढ्याने संपत नाही. सिम बदलले की यूपीआयची ॲप पुन्हा पडताळणी मागतात. मला पहाटे कॉटन मार्केटमध्ये भाजीचे पैसे यूपीआयने द्यायचे असतात, म्हणून मी सुट्टीच्या आदल्या रात्रीचा मुहूर्त धरला आणि जवळ रोख ठेवली. बँक, गॅस, आधार सारे एकाच नंबरावर असते. इस्पितळाचे काम, पगाराचा दिवस, प्रवास असल्या वेळी पोर्ट करू नये. आणि नव्या कंपनीत गेल्या गेल्या वर्षाचे रिचार्ज मुळीच करू नये. आधी २८ दिवसांचे करावे, पावसाळी हवा आणि वीज गेलेली दुपार, दोन्ही पाहावे, मग ठरवावे.

आता ओट्याजवळ फोन वाजतो आणि मी तो पहिल्या रिंगला उचलते. हे पैसे बुडवूनही करण्यासारखे होते असे मी म्हणेन, कारण न लागलेल्या फोनांनी धंद्याचे त्याहून जास्त नुकसान केले असते. पण बुडालेली ती रक्कम माझ्याकडच्या एका मुलाच्या जवळपास महिनाभराच्या डब्याएवढी होती, आणि ती कंपनीने कोणत्या सेवेसाठी ठेवून घेतली याचे उत्तर मला मिळालेले नाही.

ट्राय नवे नियम करण्याआधी मसुदा संकेतस्थळावर ठेवून लोकांच्या सूचना मागवते. पोर्टेबिलिटीच्या नियमांत पुढची दुरुस्ती होईल तेव्हा उरलेल्या मुदतीचे पैसे परत करण्याचे कलम त्यात यावे, यासाठी विदर्भातल्या ग्राहक संघटनांनी सूचना पाठवाव्यात, आणि असा मसुदा निघाला की आपण तो मराठीत, सूचना पाठवण्याच्या शेवटच्या तारखेसह छापावा, ही विनंती. माझी रिचार्जची पावती आणि कंपनीचे उत्तर मी जपून ठेवले आहे. ज्या संघटनेला हवे असेल तिला प्रत द्यायला मी तयार आहे.

आपली,
डबे पुरवणारी एक वाचक,
बेसा, नागपूर