लसीच्या तारखेआधी लेकीला

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

रात्री उशिरा पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. आधी फोनच लावणार होते, पण फोनवर आपण दोघी एकमेकींचं अर्धवट ऐकतो आणि उरलेलं भांडतो. म्हणून लिहिते. पिल्लू झोपली की सावकाश वाच.

तू एक प्रश्न विचारलास असं तुला वाटतंय, पण ते दोन आहेत. पिल्लूला कोविडची लस द्यावी का, हा एक. आणि त्या गोंधळात 'तोपर्यंत गोवरचीही जरा थांबवू का?' असं जाता जाता लिहिलंस, तो दुसरा. मला काळजी वाटली ती या दुसऱ्याची.

आधी कोविडचं बोलू. त्या लसीबद्दल तुझ्या मनात चाललेली घालमेल मला खुळी वाटत नाही. लहान मुलांना हा आजार बहुतेक वेळा सौम्यच होतो, हे 2020 पासून दिसत आलंय आणि आजही खरं आहे. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नाही ना. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना त्यातल्या त्यात जास्त धोका असतो. तू गरोदरपणात लस घेतली होतीस ते त्यासाठी बरंच झालं, आईच्या शरीरातली प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात. शिवाय एप्रिल 2020 च्या अखेरीस ब्रिटनमधल्या डॉक्टरांना मुलांमध्ये एक वेगळंच दुखणं दिसायला लागलं. संसर्ग होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी, म्हणजे घरच्यांना सगळं संपलं असं वाटत असताना, जोराचा ताप, पोटदुखी, अंगावर पुरळ, लाल डोळे, कधी हृदयाला सूज. त्याला मिस-सी म्हणतात. ते तेव्हाही क्वचितच व्हायचं आणि ओमायक्रॉननंतर आणखी कमी झालं. तरी ज्या घरात झालं त्या घराला टक्केवारी सांगून काय उपयोग?

आता लसीकडे बघ. 'घाईघाईत आणली' हे वाक्य तुला दहा जणांनी ऐकवलं असेल. मुलांच्या बाबतीत तरी ते लागू पडत नाही, कारण त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. अमेरिकेत मोठ्यांना डिसेंबर 2020 मध्ये परवानगी मिळाली, 5 ते 11 वर्षांच्या मुलांना ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस आणि सहा महिन्यांवरच्या बाळांना थेट जून 2022 मध्ये. फायझरच्या लसीचा मोठ्यांचा डोस 30 मायक्रोग्रॅम होता, 5 ते 11 वयाला 10 आणि बाळांना अवघा 3. इतका कमी ठेवल्यामुळे दोन ते चार वर्षांच्या मुलांमध्ये दोन डोसांनी हवी तेवढी प्रतिकारशक्ती तयार होईना. मग अमेरिकेच्या औषध नियामकांच्या तज्ज्ञांची फेब्रुवारी 2022 ची ठरलेली बैठक पुढे ढकलली गेली आणि तिसऱ्या डोसची आकडेवारी येईपर्यंत सगळे थांबले. तेव्हा आईबापांची खूप चिडचिड झाली होती. मला मात्र या सगळ्या प्रकरणात सर्वांत धीर देणारी गोष्ट हीच वाटली, की जमलं नाही ते जमलं नाही असं चारचौघांत सांगितलं गेलं.

या लसीने कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते हे तू वाचलंस तेही खरं आहे, मायोकार्डायटिस म्हणतात त्याला. पण ते कोणाला, हेही वाच. मुख्यतः बारा वर्षांवरच्या मुलग्यांना आणि तरुणांना, बहुधा दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत, आणि तेही विरळाच. पिल्लूच्या वयाच्या मुलांवर ठेवलेल्या देखरेखीत तसं वाढलेलं दिसलं नाही.

मग देशोदेशी सल्ला वेगळा का, हा तुझा रास्त प्रश्न. स्वीडनने जानेवारी 2022 मध्ये 5 ते 11 च्या निरोगी मुलांना सरसकट लस नको असं ठरवलं, अमेरिका तेव्हा त्याच मुलांना द्या म्हणत होती. मार्च 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सहा महिने ते 17 वर्षांच्या निरोगी मुलांना सगळ्यात खालच्या प्राधान्यगटात ठेवलं आणि आपापल्या परिस्थितीनुसार ठरवा असं देशांना सांगितलं. 'म्हणजे कोणालाच काही कळत नाही' असा अर्थ तू काढलास. मी तसा काढणार नाही, आणि का ते रोटाव्हायरसच्या गोष्टीवरून सांगते.

1998 मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसच्या जुलाबांवर पहिली लस आली. वर्षभराच्या आतच लक्षात आलं, की सुमारे दहा हजार बाळांत एखाद्याच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकतोय. 1999 मध्ये ती लस बंद झाली. दहा हजारांत एक! इतकी बारीक गोष्ट हुडकून काढणारी नजर लसींवर असते, हे लक्षात ठेव. पण खरी मेख पुढे आहे. अमेरिकेत त्या आजाराने फार थोडी मुलं दगावायची, त्यामुळे तेवढाही धोका त्यांना नको होता. त्याच काळात गरीब देशांत त्याच जुलाबांनी दरवर्षी काही लाख मुलं जात होती. तिथल्या आईला हिशेब मांडायला दिला असता तर तिचं उत्तर वेगळं आलं असतं आणि तेही बरोबरच असतं. पुढे 2006 मध्ये नव्या लसी आल्या, प्रत्येकीची चाचणी साठ हजारांहून जास्त बाळांवर घेऊन. पिल्लूला तोंडाने थेंब दिले होते ना, ते याच जातीच्या लसीचे.

तेव्हा कोविडच्या लसीबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, हृदय, फुप्फुसं किंवा प्रतिकारशक्ती यांपैकी कशाची तक्रार असेल, तर मी फार विचार करणार नाही, देऊन टाकीन. पिल्लूसारख्या धडधाकट बाळाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. ती लस संसर्ग पुरता अडवत नाही, जेवढा अडवते तो आधारही काही महिन्यांत ओसरतो. आजार गंभीर होण्यापासूनचा बचाव जास्त टिकतो. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचार, आणि 'तुम्ही काय सुचवता'बरोबर 'का सुचवता' हेही विचार. मग जे ठरवशील त्याला माझी ना नाही.

गोवर मात्र या वादात ओढू नकोस. तिथे दोन बाजू नाहीत.

तुझ्या पिढीने गोवर फारसा पाहिला नाही, म्हणून तो 'अंगावर उठतो आणि जातो' असा वाटतो. मला लहानपणी निघाला होता. पुरळ फारसं आठवत नाही, पण डोळे आठवतात. पापण्या चिकटलेल्या, ओल्या कापसाने पुसल्याशिवाय उघडायच्या नाहीत, आणि उघडल्या की उजेड सहन व्हायचा नाही. आणि तो खोकला, ताप गेल्यावरही कितीतरी दिवस छातीत खरखरत राहिलेला. मी सुटले. साधारण वीस मुलांत एकाला त्यात न्यूमोनिया होतो, हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. लहान वयात गोवर झालेल्या काही मोजक्या मुलांना कित्येक वर्षांनी मेंदूचा असा विकार होतो, की त्यातून परत येणं नसतं. वर हा विषाणू शरीराने आधीच्या आजारांतून कमावलेल्या संरक्षणाची आठवणही पुसून टाकतो.

आणि तो पसरतो किती! लस न घेतलेल्यांमध्ये एक रुग्ण 12 ते 18 जणांना देतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो. त्याला रोखायला शंभरातल्या 95 जणांना संरक्षण लागतं. आणि महामारीने नेमकं तेच कुंपण मोडलं. दवाखाने बंद, लोक घाबरलेले, कर्मचारी दुसऱ्या कामाला जुंपलेले. 2021 या एका वर्षात जगभरात अडीच कोटी मुलांचे नेहमीच्या लसींचे डोस चुकले. ती पोरं कोविडने आजारी पडलेली नव्हती, फक्त त्यांच्या तारखा पुढे गेल्या. तू 'जरा थांबवू का' लिहिलंस तेव्हा मला हेच आठवलं.

ऑटिझमचं तू लिहिलं नाहीस, पण ते कुठेतरी डोक्यात असणार, म्हणून एका दमात सांगते. गोवरच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 चा तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला आणि 2019 मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासूनही कसलाच संबंध सापडला नाही.

आता तुझं ते शेवटचं वाक्य. 'आई, मी टोचून आणली आणि काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.' हे वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते.

बेंजामिन फ्रँकलिन तुला शाळेत पतंग आणि विजेमुळे माहीत आहे. त्याला फ्रान्सिस नावाचा चार वर्षांचा मुलगा होता. तेव्हा आजच्यासारखी लस नव्हती, देवीच्या रुग्णाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत घालायचे. तो प्रकार बिनधोक मुळीच नव्हता. 1721 च्या बोस्टनमधल्या साथीत असं टोचून घेतलेल्यांपैकी सुमारे 2 टक्के माणसं गेली, आणि देवी आपसूक आलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के. फ्रँकलिन टोचण्याच्या बाजूचा होता. पण मुलाला जुलाब होत होते, म्हणून जरा बरा होऊ दे, मग टोचू, असं ठरलं. तेवढ्यात देवीने गाठलं आणि 1736 मध्ये पोरगं गेलं. वर गावभर बोभाटा, की टोचल्यामुळेच गेलं. बापाला आपल्याच वर्तमानपत्रात खुलासा छापावा लागला, की नव्हतं हो टोचलं. पुढे म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने मुद्दाम आईबापांसाठी लिहून ठेवलं, की पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच होऊ शकतो, तेव्हा त्यातल्या त्यात सुरक्षित वाट धरावी.

तो लसविरोधी नव्हता, बेपर्वाही नव्हता. तो फक्त थांबला होता. आपल्या हातून घडलेलं आपल्याला बोचतं आणि आपण हात बांधून असताना घडलेलं नशिबावर ढकलता येतं, म्हणून थांबणं हलकं वाटतं. बाळाच्या शरीराला हा फरक कळत नाही, चिऊ. हिशेब मांडताना थांबण्याच्या रकान्यातही आकडा लिही, तो कोरा ठेवू नकोस.

पुढच्या आठवड्यात जाशील तेव्हाचं थोडं. साध्या सर्दीपडशासाठी तारीख पुढे ढकलायची गरज नसते. चांगला ताप असेल किंवा बाळ खरोखर आजारी दिसत असेल तर आधी डॉक्टरांना विचार. नर्सबाईंना बाटली दाखवायला सांग, त्या रागावणार नाहीत. पुष्कळ बाटल्यांच्या लेबलवर एका गोलात छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर बाटलीला प्रमाणाबाहेर उष्णता लागलेली नाही. तो गोलाइतका किंवा जास्त गडद झाला असेल तर ती लस वापरायची नसते. टोचल्यावर लगेच पळू नकोस, पंधरा मिनिटं तरी तिथेच बस. तीव्र ॲलर्जी फार क्वचित येते, पण आलीच तर बहुधा तेवढ्यातच कळते आणि तिच्यावरचं औषध तिथे असतं.

गोवरच्या लसीचा ताप त्या रात्री येत नाही, आठवडा-दीड आठवड्याने येतो. तेव्हा 'आता हे काय नवीन' म्हणून घाबरू नकोस. काही हजारांत एखाद्या मुलाला त्या तापात झटका येतो. बघणाऱ्याचे हातपाय गळतात, पण अशा झटक्याने मुलाला सहसा कायमची इजा होत नाही. आलाच तर तिला कुशीवर झोपव, तोंडात काही घालू नकोस आणि डॉक्टरांना गाठ. तापाचं औषध वजनावर ठरतं, किती द्यायचं ते तिथेच लिहून घे. ॲस्पिरिन अजिबात नाही.

कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवून ठेव. तुझं कार्ड मी अजून जपलंय, तुझ्या घरात कागद कसे हरवतात ते मला ठाऊक आहे. आणि डॉक्टर कोविडच्या लसीबद्दल काय म्हणाले ते त्याच दिवशी कळव, उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असेन.

तुझी,
आई