पाणी मोजायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

आपले नाव कोठेही छापायचे नाही, अशी अट आपण घातलीत; ती पाळूनच हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत आपण दोन वर्षे, एस.टी.चे तिकीटसुद्धा स्वतःच्या खिशातून काढून, येत राहिलात. आपण शिकवलेली नववीची तुकडी यंदा दहावी होऊन बाहेर पडली. समारंभात आपला सत्कार करू म्हटले, तर आपण त्या दिवशी नेमके गावाला गेलात, म्हणून हा मार्ग.

नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. त्याला गुण नसून श्रेणी असते, त्यामुळे वेळापत्रकातला त्याचा तास बहुतेक वेळा गणिताच्या जादा तासाच्या पोटात जातो, हे शिक्षकांना सांगायला नको. मी तो प्रामाणिकपणे घेत असे, तरी माझा प्रामाणिकपणा फलकांपुरताच होता. दात घासताना नळ बंद ठेवा, गळका नळ दुरुस्त करा, पाणी हेच जीवन, असे रंगीत कागद भिंतीवर लागले की उपक्रम झाला, असे मी समजत होते. पहिल्या दिवशी आपण मागच्या बाकावर बसून माझा तास ऐकलात आणि तो संपल्यावर एवढेच विचारलेत, "बाई, यातल्या किती पोरांच्या घरी नळ आहे?" मी हात वर करायला सांगितले. एक्केचाळीसपैकी सतरा हात वर आले. त्यांतल्या किती नळांना मे महिन्यात पाणी येते, हे विचारल्यावर सहा उरले. ज्या मुलांच्या घरी पाणी डोक्यावरून येते, त्यांना मी तीन वर्षे नळ बंद करायला शिकवत होते. आपण त्यावर काहीही बोलला नाहीत, याबद्दल मी आपली आधी ऋणी आहे, कारण त्या वेळी एखादा शब्द ऐकला असता तर बहुधा मी हा विषय दुसऱ्या कोणाकडे सोपवला असता.

त्यानंतरचा आठवडा आपण मुलांना फक्त मोजायला लावलेत. घरातला हंडा किती लिटरचा, कळशी किती लिटरची, दिवसाला किती खेपा, खेपेला किती मिनिटे आणि खेप घालते कोण, असे पाच रकाने वहीत आखून दिलेत. शेवटच्या रकान्यात आई, आजी, ताई आणि "मी" हेच शब्द पुन्हा पुन्हा आले आणि ते "मी" जवळजवळ सगळे मुलींच्या वह्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३च्या अहवालातही, ज्या घरांच्या आवारात पाणी नाही अशा दहापैकी सात घरांत पाणी आणण्याचे काम मुख्यतः बायका आणि मुलीच करतात, असे म्हटले आहे. तो आकडा मी पूर्वी फळ्यावर लिहिलेला होता. मुलांनी तो तेव्हा उतरवून घेतला होता. आता त्यांनी तो ओळखला.

त्याच सुमारास मी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचा धडा घेतला, तो प्रसंग आपल्याला आठवत असेल. २०१८ साली त्या शहराची धरणे आटली, १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली, नळ पूर्ण बंद करण्याचा दिवस जवळ आला, आणि तो आलाच तर ठरावीक केंद्रांवर रांगेत उभे राहून माणशी २५ लिटर पाणी न्यावे लागेल असे जाहीर झाले. हे मी बऱ्यापैकी नाट्यमय आवाजात सांगत होते. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने वही उघडून सांगितले की त्यांच्याकडे टँकर तिसऱ्या दिवशी येतो, दोन पिंपे म्हणजे ४०० लिटर मिळतात, घरात सहा माणसे आहेत, म्हणजे माणशी दिवसाला २२ लिटर होतात. "मग केपटाऊनच्या लोकांना आमच्यापेक्षा जास्त पाणी होते की, बाई!" वर्ग हसला, आपणही हसलात आणि मग शांतपणे पुढचा प्रश्न टाकलात, की त्या शहरातल्या ज्या वस्त्यांत घरात नळच नव्हता, त्यांच्यासाठी त्या फेब्रुवारीत नवीन काय घडले असेल. सार्वजनिक नळाची रांग त्यांच्या रोजच्या जगण्यातलीच होती. सगळे जग ज्याला संकट म्हणत होते, ते काही घरांत आधीपासून मुक्कामाला होते. पाणी वाचवणे आणि पाणी मिळणे हे दोन वेगळे धडे आहेत असे मी मानत आले होते. ती समजूत त्या तासाला मोडली.

विहिरी मोजण्याचे काम मात्र मुलांना, आणि खरे तर मलाही, सर्वांत आवडले. आपला पोलादी टेप, त्याच्या टोकाला बांधलेले वजन आणि आमच्या फळ्याचा खडू. टेपच्या खालच्या हातभर भागाला खडू चोळून तो सोडायचा आणि वर ओढल्यावर खडू जेथपर्यंत भिजला असेल तेथे वाचन घ्यायचे, ही युक्ती आपण तीस वर्षे सरकारी भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींवर, म्हणजे पातळी मोजण्यासाठी निवडलेल्या विहिरींवर, वापरलीत. पहिल्या फेरीत मुलांनी पाच विहिरी मोजल्या आणि पाचही नोंदी चुकल्या, कारण कठड्याची उंची वजा करायची असते हे कोणाच्याच लक्षात आले नाही, आणि एका विहिरीवर तर मोटार चालू असतानाच पातळी घेतली गेली. मी खोडरबर काढायला सांगणार, तोच आपण अडवलेत. चुकलेली नोंद तशीच ठेवायची, शेजारी ती का चुकली ते लिहायचे आणि खाली नवी नोंद घ्यायची, असा आपला दंडक होता. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या चार नोंदी दोन वर्षे त्याच पद्धतीने झाल्या. आमच्या शाळेत खाडाखोड नसलेली वही म्हणजे चांगली वही, असा समज होता. तो या एका वहीपुरता तरी गेला.

जमिनीखाली मोठे तळे असते आणि नशीब असेल तर बोअर त्याला लागते, ही मुलांची समजूत आपण पिशवीतून आणलेल्या तीन दगडांनी घालवलीत. काळ्या पाषाणावर ओतलेले पाणी ओघळून गेले, मांजऱ्या नावाच्या सच्छिद्र खडकाची भोके पांढऱ्या खनिजाने बुजलेली दिसली आणि मुरमाने मात्र पाणी गट्ट केले. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच काळ्या खडकावर, म्हणजे बेसॉल्टवर, आहे, त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि एकाची भेग दुसऱ्याच्या शेतात पोचलेली असते. "विहिरीचा सातबारा असतो, पाण्याचा नसतो," हे आपले वाक्य पोरांनी इतके उचलले की घरी भावकीच्या भांडणातही ते ऐकू आल्याची तक्रार एका पालकांनी माझ्याकडे केली.

त्या वाक्यावरूनच आपण मुलांना नायगावची गोष्ट सांगितलीत. आपल्याच तालुक्यात १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, हे मुलांना तर नाहीच, पण मलाही धड माहीत नव्हते. तिचे नियम असे: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही आणि ऊस लावायचा नाही. उसाच्या अटीवर वर्गात कडाक्याचे भांडण झाले, आणि मला ते मनापासून आवडले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तो प्रसंग आम्ही आजवर इतिहासाच्या तासाला शिकवत होतो. तळे भरलेले असूनही पाणी न मिळणे म्हणजे काय, यासाठी भूगोलाच्या तासाला त्याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे २८ जुलै २०१० रोजी मान्य केले. महाड त्याच्या ८३ वर्षे आधीचे, हे गणित एका मुलाने आपण होऊन फळ्यावर मांडले. जागतिक निकषाप्रमाणे पाणी आणायला जाऊन, रांगेत थांबून, परत यायला तीस मिनिटांहून अधिक वेळ लागला की ते पाणी चांगले असले तरी ती सेवा "मर्यादित" ठरते. आमच्या वर्गातली अकरा घरे त्या रकान्यात बसली. जगाच्या नकाशावर आपण कोठे आहोत, हे मुलांना मिनिटांत कळले.

छपराच्या हिशेबाबद्दलही लिहायला हवे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर ३०० चौरस मीटर, पाऊस ५०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तर १ लाख २० हजार लिटर. मुले २४०, माणशी पाच लिटर धरले तर ते १०० दिवस पुरेल. हा कागद मुलांनी शाळा समितीपुढे ठेवला. पन्हळ बसली आहे, टाकी अजून व्हायची आहे, आणि समितीचा एकंदर वेग पाहता यंदाचा पाऊस टाकीविनाच जाईल असे दिसते.

नवी नववी या महिन्यात सुरू झाली. ऑक्टोबरची नोंद त्यांनी घ्यायची आहे आणि मेच्या वहीत देवळामागच्या विहिरीपुढे "कोरडी" लिहावे की "टेप पोचला नाही" लिहावे, यावर जुन्या मुलांचे एकमत झाले नव्हते. तो निर्णय आपल्यावर सोडून ती गेली आहेत. आपला टेप माझ्या कपाटात आहे, पुसून आणि तेल लावून ठेवला आहे. तो न्यायला म्हणून तरी यावे.

आपली,
भूगोल शिक्षिका