फेथॉनचा कागद

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

घरात चित्रांबद्दल बोललं की सगळे उठून जातात, म्हणून आता तुझं डोकं खातो. हल्ली मायकेलअँजेलोच्या एका रेखाटनाने मला पछाडलंय. विषय फेथॉनचं पतन, साल १५३३, काळा खडू. या एकाच प्रसंगाचे त्याने काढलेले तीन कागद आज आहेत: एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला, एक व्हेनिसच्या अकादेमियात.

फेथॉन हा सूर्याचा मुलगा. "तुझा बाप सूर्य कशावरून?" असं एकाने हिणवलं, तसा हा पुरावा मागायला थेट बापाच्या दारात. (तुला कर्ण आठवणार, माहीत आहे मला.) बापाने वचन दिलं, मुलाने एका दिवसासाठी रथ मागितला. घोडे आवरेनात, पृथ्वी होरपळायला लागली, शेवटी देवांचा राजा झ्यूस याने वज्र फेकून त्याला पाडलं.

विंडसरचा कागद बघ. सगळ्यात वर गरुडावर बसलेला झ्यूस, मध्ये चार घोडे, रथ आणि डोकं खाली झालेला पोरगा, तळाशी एरिडानस नदीचा देव निवांत पहुडलेला, शेजारी आक्रोश करणाऱ्या बहिणी. एक नातेवाईक तर दुःखाने राजहंस होऊन बसलाय! खडूचे इतके बारीक स्पर्श की रेघ दिसतच नाही, घोड्यांच्या अंगावर नुसता उजेड सरकतो. तरी मला तो जरा जास्तच घोटलेला वाटतो. माझा जीव लंडनच्या कागदावर. तिथे हात अजून शोधतोय, आणि तळाशी त्याच्या अक्षरात चिठ्ठी आहे. मतलब असा: मेसेर (म्हणजे श्रीयुत) तोमासो, हा कच्चा आराखडा आवडला नाही तर उर्बिनोला सांगा, म्हणजे कबूल केल्याप्रमाणे उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा करता येईल, आवडला आणि पुरा करून हवा असेल तर परत पाठवा.

उर्बिनो त्याचा नोकर. आणि हा तोमासो देई काव्हालिएरी म्हणजे रोममधला एक देखणा, खानदानी तरुण. आदल्याच वर्षी ओळख झालेली. रोममधल्या सिस्टिन चॅपेलचं छत रंगवून वीस वर्षं झालेला, साठीकडे झुकलेला माणूस त्या पोराला विचारतोय, आवडलं का? त्याचा चरित्रकार व्हासारी सांगतो की तोमासोला चित्रकला शिकता यावी म्हणून ही चित्रं दिली. असेल. पण शिकवायला काही सोपं नव्हतं का? सूर्याच्या फार जवळ जाऊन जळणारा माणूस त्याने उगाच निवडला असेल, हे मला पटत नाही. तोमासोला लिहिलेल्या कवितांमध्येही तो असाच जळत असतो.

पुढची गंमत तोमासोच्या सप्टेंबर १५३३ च्या पत्रात आहे. फेथॉन पोचला, तो बघायला पोपपासून सगळे आले. कार्डिनल इप्पोलितो दे मेदिचीने बाकीची चित्रंही मागवून घेतली आणि टिटियस, गॅनिमीड (तोमासोला दिलेली आणखी दोन पुराणकथांची चित्रं) स्फटिकात कोरून घ्यायचा हट्ट धरला. बिचाऱ्या तोमासोला नाही म्हणता येईना. खाजगी भेटवस्तूची अशी वरात निघाल्यावर फ्लॉरेन्समध्ये म्हाताऱ्याला काय वाटलं असेल, देव जाणे. दोस्ती मात्र टिकली. १५६४ मध्ये मायकेलअँजेलो गेला तेव्हा तोमासो जवळ होता.

दोन्ही संग्रहालयांच्या साइटवर चित्रं आहेत, मोठी करून बघ. आणि विंडसरचाच भारी असं म्हणणार असशील तर कारणासकट लिही, नुसतं "फिनिशिंग" म्हणून सुटू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन