दोन डिस्क वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या, तुम्ही त्या एकमेकींत अडकवल्या

दि. ३ नोव्हेंबर २०२५
नारायण पेठ, पुणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ८ ते ११ सप्टेंबर २०२५ या काळात माझ्या कॉम्प्युटरवर केलेल्या कामातल्या चुका, त्यात गेलेल्या फाइली आणि त्याच्या भरपाईबाबत.

महोदय,

नारायण पेठेत गेली बावीस वर्षं मी डीटीपीचं काम करते. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल. माझ्याकडे एकच कॉम्प्युटर आहे, २०१९ साली तुमच्याच दुकानातून घेतलेला, आणि त्याच्या आधीचाही तुमच्याकडचाच होता. त्यामुळे हे पत्र लिहिणं मला जड जातंय. पण फोनवर चार वेळा सांगून झालं, काउंटरवर दोनदा येऊन झालं, आणि दर वेळी समोर नवा माणूस. त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, त्याने "सरांना विचारून कळवतो" म्हणायचं, आणि फोन यायचा नाही. म्हणून आता सगळं लेखी देते आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा, मदरबोर्डवर टीपीएम या सुरक्षा चिपची सोय, त्यामुळे विंडोज ११ चालेल हे तुमच्याच माणसाने ऑगस्टमध्ये तपासून सांगितलं होतं. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली आणि सोमवारी, ८ तारखेला, मी कॉम्प्युटर तुमच्याकडे आणून दिला. गणपती आणि दिवाळी अंकांची शेवटची घाई यांच्यामध्ये मला तेवढीच फट मिळते.

तेव्हा आत एकच १ टीबीची हार्ड डिस्क होती. तिचे दोन भाग होते : सी वर विंडोज, डी वर माझं काम. मला ५०० जीबीची नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज हवं होतं आणि जुनी डिस्क निव्वळ कामासाठी ठेवायची होती. विंडोज बिघडलं तर पुन्हा टाकता येतं. लावलेली पानं पुन्हा लावायची म्हणजे महिने जातात. म्हणून ही दोन्ही वेगवेगळ्या डिस्कवर असावीत, एक गेली तरी दुसरी चालू राहावी, एवढंच मला हवं होतं. डी चा बॅकअप मी आदल्या रात्री बाहेरच्या डिस्कवर घेतला होता. सी चा घेतलेला नव्हता, आणि म्हणूनच जॉबशीटवर मी तीन वाक्यं आग्रहाने लिहून घेतली : "विंडोज ११ नव्या एसएसडीवर टाकणे. जुन्या डिस्कला हात लावू नये. जुना सी ग्राहकाने तपासून सांगितल्याशिवाय फॉरमॅट करू नये." खाली तुमचा शिक्का आणि सही आहे. प्रत सोबत जोडली आहे.

११ तारखेला संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आला. सुरू केला, पटकन उघडला, बरं वाटलं. मग डी उघडला तर तो रिकामा. माझ्या पोटात गोळा आला. दहा मिनिटांनी कळलं की तुमच्या तंत्रज्ञाने नव्या एसएसडीचेच दोन तुकडे करून त्यांना सी आणि डी ही अक्षरं दिली होती, आणि माझा कामाचा भाग एफ झाला होता. माझ्या पेजमेकरच्या (पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या फाइलींत चित्रं आणि जाहिराती बाहेरून जोडलेल्या असतात आणि त्यांचे पत्ते डी पासून सुरू होतात. अक्षर बदललं की फाइल उघडताना एकेक चित्र "सापडत नाही" म्हणून विचारायला लागते. एका अंकात अशी दीडशे चित्रं होती. माझ्या भाच्याने डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एसएसडीच्या तुकड्याला दुसरं अक्षर दिलं, माझ्या भागाला पुन्हा डी दिलं, आणि सगळी चित्रं जागेवर आली. पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटर परत देण्याआधी तुमच्याकडे कुणी जुनी एकसुद्धा फाइल उघडून पाहिली असती, तर हे तिथेच दिसलं असतं.

पुढचं मात्र पाच मिनिटांत सुटणारं नव्हतं. जुना सी फॉरमॅट झालेला होता. त्याला "बॅकअप" असं नाव दिलेलं होतं आणि आत माझं काही नव्हतं, तुमच्याच दुकानातले ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरचे सेटअप होते, जवळपास ६० जीबी. नुसता झटपट फॉरमॅट मारला असेल तर हार्ड डिस्कवरचा मजकूर बऱ्याचदा परत काढता येतो, कारण तो लगेच पुसला जात नाही, ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं की संपलं. तुमच्या माणसाने फॉरमॅट मारला आणि वर तुमच्या फाइली ओतल्या. डेटा परत काढून देणाऱ्या दोघांना मी डिस्क दाखवली. माझ्या कामाचं काहीही धड निघालं नाही.

काय गेलं ते सांगते, कारण तुमच्या काउंटरवर मला "मॅडम, डेस्कटॉपवरच्या चार फाइली तर होत्या" असं ऐकवलं गेलं. हातातलं काम मी डेस्कटॉपवर ठेवते आणि ते पूर्ण झालं की डी वर हलवते. त्या आठवड्यात तिथे एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचं पुस्तक होतं, ३०४ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे एकोणीस फर्मे. बाईंचं वय ८४. तिसरं प्रूफ त्यांनी भिंगातून वाचलं होतं. समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या, हात थरथरत असल्यामुळे काही ठिकाणी "र" आणि "स" वेगळे ओळखू येत नव्हते, तिथे मी फोन करून विचारलं होतं. एकेक शब्द विचारून त्या दुरुस्त्या मी फाइलमध्ये घातल्या होत्या. डी वर होती ती त्याआधीची, दुसऱ्या प्रुफाची फाइल. मला बाईंकडे जाऊन सांगावं लागलं की तुमच्या दुरुस्त्या माझ्याकडून गेल्या. त्यांनी प्रुफाचा गठ्ठा काढून दिला, एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते काम मी चार रात्री बसून पुन्हा केलं. त्या चार रात्रींचे पैसे तुमच्याकडे मागायचे तरी कसे, हे मला कळत नाही.

दुसरं म्हणजे फॉन्ट. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी वर असतात. युनिकोडच्या आधीच्या काळातले मराठी फॉन्ट प्रत्येक कंपनीचे वेगळे. फाइल ज्या फॉन्टमध्ये टाइप केली तोच नसेल, तर मराठीच्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात, वाचायला एक शब्द लागत नाही. विकत घेतलेले बहुतेक फॉन्ट मी सीडीवरून परत टाकले. पण अकरा फॉन्ट एका बंद पडलेल्या छापखान्याकडून आलेले होते, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. त्या फॉन्टमधली वीसेक पुस्तकं आता माझ्याकडे आहेत आणि नाहीतही. नव्या आवृत्तीसाठी कुणी आलं तर पुन्हा टाइप करण्यावाचून मार्ग नाही.

यावर मला उत्तर मिळालं की जॉबशीटच्या मागच्या बाजूला "डेटाची जबाबदारी ग्राहकाची" असं छापलेलं आहे. छापलेलं आहे, खरं आहे. पण पुढच्या बाजूला, तुमच्याच कर्मचाऱ्याच्या हस्ताक्षरात, काय करू नये तेही लिहिलेलं आहे. डिस्क आपोआप खराब झाली असती तर मी गप्प बसले असते. इथे नको म्हणून लिहून दिलेली गोष्ट हाताने केली गेली आहे.

एवढं होऊनही मी ते मागे टाकून कामाला लागले होते, कारण एक दिवाळी अंक हातात होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जुनी डिस्क टक-टक आवाज करायला लागली. सहा वर्षं चालली, तिची काही तक्रार नाही. मी नवी २ टीबीची डिस्क आणली, डी वरचं सगळं तिच्यावर घेतलं, आणि शनिवारी, ११ ऑक्टोबरला, जुनी डिस्क काढून नवी लावली. कॉम्प्युटर सुरू होईना. बूट करण्यासाठी काही सापडत नाही, एवढाच संदेश काळ्या पडद्यावर. जुनी पुन्हा जोडली, पण तोवर तिने मान टाकली होती.

भाच्याने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून डिस्कची मांडणी दाखवली. माझ्या ५०० जीबीच्या एसएसडीवर फक्त ते दोन तुकडे. विंडोज सुरू करणारा जो १०० एमबीचा छोटा भाग लागतो, तो तिच्यावर नव्हताच. तो मेलेल्या डिस्कवर होता. तुमच्या माणसाने दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज टाकलं. असं केलं की सेटअपला जुन्या डिस्कवर तो भाग आयता मिळतो आणि सुरू होण्याच्या फाइली तो तिथेच ठेवतो. विंडोज नव्या डिस्कवर, पण त्याची चावी जुनीवर. हे टाळायला काय लागतं? विंडोज टाकण्याआधी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची आणि झाल्यावर परत लावायची. दोन मिनिटं. शिवाय केबल काढलेली डिस्क चुकूनही फॉरमॅट होऊ शकत नाही, म्हणजे माझं पहिलं नुकसानही वाचलं असतं. तुमच्या काउंटरवर मला यावर "असंच असतं, दोन्ही डिस्क लावूनच ठेवायच्या" असं सांगण्यात आलं. असं नसतं. दोन डिस्क घेतल्या त्या एकीवाचून दुसरी अडू नये म्हणून.

सुरू होणारा भाग एसएसडीवर नव्याने तयार करता येतो, भाच्याला ते येतं. पण त्यासाठी सी उघडावा लागतो, आणि सी ला कुलूप होतं. पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, चावी मागितली गेली, सहा-सहा अंकांचे आठ गट, एकूण ४८ अंक. मी आयुष्यात कुठलंही कुलूप लावलेलं नाही. मग उलगडा झाला की विंडोज ११ टाकताना तुमच्या तंत्रज्ञाने माझा मेल आयडी न विचारता स्वतःचा घातला होता. नव्या विंडोजमध्ये त्यामुळे डिस्कला आपोआप कुलूप लागलं आणि चावी त्याच्या खात्यात जाऊन बसली. तो सप्टेंबरअखेर नोकरी सोडून गेलेला. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार मी तुमच्या दुकानाला फोन करत होते. बुधवारी, १५ तारखेला दुपारी, त्या मुलाने मला थेट फोन करून ४८ अंक वाचून दाखवले आणि माफी मागितली. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि दिवसाला आठ-आठ मशीन त्याच्या पुढ्यात असायची, असं तो म्हणाला. पण माझ्या कामाची चावी पाच आठवडे एका अनोळखी माणसाच्या मेलमध्ये होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

त्या चार दिवसांत अंकाचे शेवटचे तीन फर्मे अडकले. शेवटच्या घटकेला आलेल्या जाहिराती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्या कुलूपबंद सी वर. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर पानं उघडली तर फॉन्ट नाहीत. अंक धनत्रयोदशीच्या आधी स्टॉलवर यायचा तो भाऊबीजेला आला. संपादकांनी माझं बिल २०,००० रुपयांनी कमी केलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवाळी अंक दिवाळीत विकला जातो.

आता माझी मागणी. एसएसडी धरून तुम्ही ६,२०० रुपये घेतले, त्यातली १,८०० ची मजुरी परत करावी. डिस्क तपासून घ्यायला दोन ठिकाणी मिळून ३,००० रुपये गेले, पावत्या जोडल्या आहेत, ते द्यावेत. अंकाच्या बिलातले २०,००० द्यावेत, संपादकांचं पत्र सोबत आहे. काय चुकलं आणि का, हे तुमच्या लेटरहेडवर लेखी द्यावं. आणि तुमच्या त्या तंत्रज्ञाच्या खात्यातून माझ्या कॉम्प्युटरची नोंद आणि चावी काढून टाकल्याचंही लेखी द्यावं. इथलं कुलूप आणि खातं मी बदललं आहे, पण तिकडची नोंद मला पुसता येत नाही.

याशिवाय एक विनंती आहे, तिचे पैसे नाहीत. तुमच्या जॉबशीटवर तीन चौकटी छापा : जुन्या डिस्कची केबल काढली का, ग्राहकाचाच मेल आयडी वापरला का, बिटलॉकर चालू असेल तर चावी छापून ग्राहकाला दिली का. माझ्यासारखे पेठेत कितीतरी जण आहेत, सगळ्यांचं पोट एकेका डिस्कवर चालतं, आणि त्यातले निम्मे तुमच्याकडेच येतात.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे सेवेतील त्रुटी म्हणून मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी बोलले आहे. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मेलेली डिस्क मी टाकून दिलेली नाही, पाकिटात घालून तारीख लिहून ठेवली आहे. तुमच्या माणसाला ती पाहायची असेल तर सकाळी अकरानंतर केव्हाही यावं. पाहायला देईन, न्यायला देणार नाही.

आपली,
(सही)

सोबत : जॉबशीटची प्रत, बिल, डिस्क तपासणीच्या दोन पावत्या, संपादकांचं पत्र, डिस्कच्या मांडणीचा फोटो.