विषय: तळं गळतंय, आणि जुलैमधे ते उन्हाने आटत नाहीये

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला, म्हणजे त्यांनी ठेवला, मी बोलतच होते. म्हणून आता थेट मॅनेजमेंटला लिहितेय. काय बसवलंय ते तुम्हाला माहीत असणारच, पहिल्यापासून सांगत बसत नाही. बावधनचं रो हाऊस, मागच्या अंगणात १० बाय ६ चं तळं, कडेला गझिबो, बाकी लॉन. ३ लाख ४० हजार पूर्ण दिलेत. शेवटचा चेक तर तुमच्या माणसाने मे महिन्यात तळं भरायला पाईप सोडला तेव्हाच मागून नेला, तळं पूर्ण भरायचीही वाट बघितली नाही, आता कळतंय का ते.

पाणी रोज ३ इंच उतरतंय. ६० स्क्वेअर फुटाला ३ इंच म्हणजे १५ घनफूट, म्हणजे दिवसाला सव्वाचारशे लिटर, एवढ्यात आमच्या आंघोळी, धुणीभांडी होऊन वर कुंड्यांनाही पाणी होतं. पाऊस आला की भरतं, उघडीप पडली की परत खाली. पहिल्या फोनला सांगितलं, नवीन आहे, सेट होईल. दही आहे का ते? दुसऱ्या फोनला, कुत्रा पीत असेल. तिसऱ्याला तिकीट नंबर मिळाला. चौथ्याला कळलं की ते तिकीट बंद झालंय आणि त्यावर 'कस्टमर समाधानी' असा शेरा आहे. कुठला कस्टमर?

आता आजचं. मी म्हटलं तळं गळतंय, तो म्हणाला मॅडम उन्हाने पाणी उडतं, त्याला इव्हॅपरेशन म्हणतात. मी म्हटलं अरे बाबा जुलै चालूय, चार दिवस झाले दोरीवरचे टॉवेल वाळत नाहीयेत आणि माझं तळं तेवढं उन्हाने आटतंय का? शिवाय मागच्या आठवड्यात दोन दिवस उघडीप होती तेव्हा मी तळ्याशेजारी बादली भरून ठेवली, आतून खूण केली, दोन दिवसांत बादली पेरभरसुद्धा उतरली नाही आणि तळं अर्धा फूट गेलं, बादलीवर वेगळं ऊन पडतं का? हे सगळं त्याने शांतपणे ऐकलं, मला वाटलं लिहून घेतोय. मग म्हणाला, "काकू, घरात काका आहेत का? जरा टेक्निकल आहे, त्यांना समजावून सांगतो."

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं इंजिनियर होते. धरणाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यात उतरून व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेतून पाणी सोडून, गळती मोजण्यात माझी अर्धी नोकरी गेली. हे त्याला सांगितलं, शांतपणेच सांगितलं. तर म्हणतो, "अरे वा, मस्त! पण काकांना फोन दिलात तर बरं होईल." मस्त म्हणे. काका समोरच पेपर वाचत बसले होते, ते हसले, त्यांचा हिशोब मी घरात वेगळा करेन. मग "लाईनवर रहा" म्हणून ११ मिनिटं सनई ऐकवली आणि फोन कट.

काकांना नाही, तुम्हाला टेक्निकल सांगते. कोटेशनमधे १ एमएमचा ईपीडीएम, म्हणजे रबरी, लायनर लिहिलाय. शनिवारी मी कोपऱ्यातले दगड बाजूला करून बघितलं, आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या एमएमचा, प्लास्टिकचा कागद आहे. त्या कागदाला मी नावं ठेवत नाही, शेतकरी निदान खालचे दगडगोटे वेचून मग तो अंथरतो. तुमच्या लोकांनी फोडलेल्या खडकावर तसाच टाकलाय, खाली ना वाळू ना फेल्ट, आणि कोपऱ्यात घडी घालून वरून दगड ठेवलाय की झालं. पाणी तिथूनच जातंय, रोज ३ इंच.

गझिबोचं थोडक्यात. आमच्याकडे वर चार फूट काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, पाया मुरमापर्यंत न्या हे मी तोंडी सांगितलं, मेलवर लिहिलं, तुमच्या सुपरवायझरने अंगठा पाठवला. खांब दीड फुटावर बसवलेत. पहिल्या पावसात तळ्याकडचा एक खांब दोन इंच कललाय, आणि का नाही कलणार, तळ्यातलं सव्वाचारशे लिटर रोज त्याच्याच मुळाशी मुरतंय ना! वर छपराची पन्हाळही तिकडेच सोडलीय. पंप १५ दिवसांत बंद पडला, साठलेल्या पाण्यात डास होतील म्हणून मी गप्पी मासे आणून सोडले, तर आता पाणी उतरलं की ते बिचारे एका कोपऱ्यात गोळा होतात.

वाईट याचं वाटतं की शेजारच्या गल्लीतलं तुमचं काम बघून मी तुम्हाला बोलावलं होतं, ते खरंच चांगलं आहे, पाच वर्षं झाली थेंब गळलेला नाही. आमच्या भिशीतल्या दोघींना मी तुमचा नंबर दिला होता. तो परत घेतलाय, कारणासकट.

लायनर कोटेशनप्रमाणे बदला, खालची तयारी माझ्यासमोर करा, खांबाचा पाया मुरमापर्यंत न्या, पंप बदला. आठ दिवस. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखापर्यंत तिथे फी लागत नाही आणि मी रिटायर्ड आहे, वेळच वेळ आहे. ग्राहक पंचायत १९७४ साली याच पुण्यात सुरू झाली हेही लक्षात असू द्या. बादलीचे, खडकाचे, कललेल्या खांबाचे ओळंब्यासकट फोटो सोबत जोडलेत. तिकीट बंद केल्याचा मेसेजही.

माणूस पाठवा, फोन करू नका. केलातच तर काका घरी आहेत, पण ते बँकेत होते, त्यांना यातलं काही कळत नाही.