आईच्या पुस्तिकेत काय लिहायचं

लेस्टर, रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर मिळाला. फोटो फार छान निवडलेत. मजकुराबद्दल मात्र बोलायलाच हवं. ‘प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख’ हे शब्द कुणाच्याही आईला चालतील. आपली आई परळ-लालबागच्या चाळी पायाखाली घालणारी महापालिकेची नर्स होती. ते काम ती कसं करायची हे लिहिलं, तरच वाचणाऱ्याला ती दिसेल. मीही याच कामातली, म्हणून तपशील चुकू नयेत एवढ्यासाठी लिहून पाठवते.

‘लहान मुलांना लसी दिल्या’ ही ओळ काढा. लस देण्याच्या आधीपासून सुरुवात करा. सकाळी फ्रीझरमधून काढलेले आइस पॅक ती लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस थंड ठेवायच्या पेटीत, भरत नसे. चारही पॅक टेबलावर मांडून ठेवायची आणि थोड्या वेळाने एकेक उचलून कानाशी हलवायची. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो पॅक आत जायचा, नाही तर परत टेबलावर. घाई करणाऱ्यांना हे उगाच वेळ काढणं वाटे. पण दगडासारखा गोठलेला पॅक शून्याच्या खाली असतो, आणि ट्रिपलची (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची एकत्र लस) किंवा नुसत्या धनुर्वाताची कुपी त्याला टेकली की लस गोठते. वितळल्यावर ती दिसते जवळजवळ पहिल्यासारखीच. पण आतले कण एकमेकांना चिकटलेले असतात आणि ताकद गेलेली असते. मूल सुई सोसतं, कार्डावर खूण होते, आणि संरक्षण मात्र मिळालेलंच नसतं. लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पोलिओची बिघडतेच. ट्रिपलचा वैरी बर्फ, हे आईने किती जणींना शिकवलं असेल!

कुपीबद्दल शंका आली तर ती त्याच बॅचची दुसरी कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही सारख्याच हलवायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. गोठवलेलीतला गाळ भराभर खाली बसतो, वर स्वच्छ पाणी दिसतं. संशयितही तशीच वागली, तर ती वापरायची नाही.

बीसीजीचं, म्हणजे क्षयाच्या लसीचं, एक वाक्य तरी असू द्या. डाव्या दंडावर, कातडीच्या अगदी वरच्या थरात सुई गेली तर छोटा पांढरट फुगवटा येतो. नाही आला तर सुई खोल गेली असं समजायचं. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, आणि बाळाची आजी त्याला हळद लावायला निघते. ‘काही लावायचं नाही, आपोआप भरतं’ हे आई टोचतानाच सांगून ठेवायची, नंतर नाही. आणि बीसीजीची उघडलेली कुपी चार तासांनी टाकून द्यायची. कुपीत अर्धे डोस उरले असले तरी. तिथे तिने कुणाचंही ऐकलं नाही.

आता पल्स पोलिओ. देशभराची मोहीम डिसेंबर १९९५मध्ये सुरू झाली, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत आई त्यात होती. तुम्ही बूथवरचा फोटो टाकलाय, पण तिचं खरं काम रविवारच्या बूथनंतर, घरोघर जाताना व्हायचं. सगळ्यांना डोस मिळालेल्या घरावर खडूने ‘पी’, मूल राहिलं किंवा कुलूप असलं तर ‘एक्स’. त्या ‘एक्स’वर परत जायचं, आणि खोलीतली माणसं कधी सापडतात ते आधी शेजारी विचारून घ्यायचं. आणखी एक गोष्ट ती नळावर, जिन्यात हमखास विचारायची: ‘कुणाची लेक माहेरी आलीये का?’ कारण बाळंतपणाला आलेलीचं थोरलं मूल इथल्या यादीत नसतं आणि सासरच्या गावी घरी सापडत नाही. पाहुणं मूल दोन्हीकडून निसटतं. हे तिला कुठल्याही कागदाने शिकवलं नव्हतं, चाळीने शिकवलं.

थेंब दोनच. गाल हलके दाबले की तोंड उघडतं. थुंकलं तर पुन्हा द्यायचे. शाई डाव्या करंगळीला, नख आणि कातडी दोन्हींवर. लस कधी गुलाबी, कधी पिवळसर दिसे आणि आया घाबरत. आई त्यांना कुपीवरचा, उष्णतेने रंग बदलणारा ठिपका दाखवायची: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे ना, मग लस चांगली, रंगाचा काही संबंध नाही. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. या दोन तारखा पुस्तिकेत हव्यातच. त्यामागच्या हजारो बायकांत आपली आई आहे.

वहिनी, आई आजी म्हणून कशी होती ते पान तुमचं आहे आणि ते मला सगळ्यात आवडलं. फक्त साखर-मिठाच्या पाण्याचं माप दुरुस्त करा: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. ‘सपाट’ शब्द गाळू नका, कारण शीग लावलेल्या चमच्याने मीठ जास्त होतं आणि तान्ह्याला ते धोक्याचं. उरलेलं चोवीस तासांनी ओतून टाकायचं. आणि नातवंडांना सर्दी झाली की ती मनगटावरचं घड्याळ पुढे धरून पोटाकडे बघत बसायची, ते लिहा. ती श्वास मोजत असे, मूल शांत असताना, पूर्ण मिनिटभर. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं तिला मान्य नव्हतं, लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही म्हणून. वर्षाच्या आतल्या बाळाचे पन्नास, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस भरले की डॉक्टरकडे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

तिच्या भेटींच्या वह्या लॅमिनेट करू नका, चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. खिडकीच्या उजेडात पानांचे फोटो काढा आणि वह्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवा. पावसाळ्यात खालच्या फळीला ओल धरते.

ते घड्याळ थोरलीला द्या. चावीचं आहे, रोज सकाळी एकाच वेळी द्यायची आणि घट्ट लागली की थांबायचं. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे न्या. सेकंदकाटा नीट चालतो का, ते तिला मिनिटभर बघायला सांगा.

तुमची धाकटी